बेसूर होण्याची जागा

मिरजेला परगावची माणसं पूर्वीपासून दोन कामांसाठी येतात. दुखणं दाखवायला दवाखान्यात, नाहीतर तंबोरा-सतार घ्यायला सतारमेकरांकडे. एका कामाला आलेला माणूस दुसऱ्याच कामात गुंतला, असंही इथे घडलेलं आहे. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकारांचा मुलगा फटाक्याच्या दारूने डोळे भाजले म्हणून उपचारांसाठी मिरजेत आणला गेला. दृष्टी पुरती परत आली नाही. पुस्तकं वाचणं अवघड झालं, पण गळा बरा होता, म्हणून त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. हा मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी भरून, वेळापत्रकाप्रमाणे, कुणाच्याही मुलाला गाणं शिकता यावं म्हणून काढलेली शाळा.

त्याच मिरजेत मी माझ्या घरी गाण्याच्या शिकवण्या घेते. दाराला पाटी नाही. बाहेरच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा, एक पेटी, ठेके वाजवणारं एक यंत्र. भिंतीवर थोर गवयांचे फोटो मुद्दाम लावलेले नाहीत. त्यांच्या नजरेसमोर पोरं दबकून गातात. सकाळी कामावर जाणारे येतात, दुपारी घरातली निजानीज झाल्यावर बायका, शाळा सुटल्यावर मुलं, आणि दिवेलागणीनंतर दुकान वाढवून येणारे एक-दोघं. मुलं मला ताई म्हणतात, त्यांच्या आया मॅडम म्हणतात, आणि माझ्याहून वयाने मोठे विद्यार्थी बाई म्हणतात.

पाटी लावायची म्हटली तर तिच्यावर काय लिहायचं हेच ठरत नाही. शाळेला इयत्ता असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना पायऱ्या असतात: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. माझ्या सतरंजीवर दुसरीतली मुलगी बसते आणि पेन्शन घेणारे आजोबाही बसतात. पहिल्या दिवशी दोघंही एकच गोष्ट करतात. सा लावतात. तो बहुतेक वेळा लागत नाही.

आमच्याकडे आवाजाचा पत्ता पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात. बायका साधारणपणे काळी चार, काळी पाचला गातात. पुरुष काळी एक, काळी दोनला. वय झालं की दोघंही एखाद-दुसरी पट्टी खाली उतरतात. पण शिकायला येणारा माणूस स्वतःची पट्टी घेऊन येत नाही. आवडत्या गायिकेची घेऊन येतो. लताबाईंचं गाणं लताबाईंच्याच पट्टीत म्हणायच्या हट्टापायी मानेच्या शिरा ताणलेले किती गळे मी पाहिले. त्यांना खाली आणताना फार जपावं लागतं, कारण खालच्या पट्टीत गाणं म्हणजे कमी दर्जाचं गाणं, अशी एक समजूत घरोघर पक्की आहे.

इथल्या दवाखान्यातले एक तरुण डॉक्टर शिकायला आले तेव्हा मी सा म्हटला की ते नेमका तोच सा, त्याच उंचीवर धरायला जायचे आणि गळा चिरकायचा. चेहऱ्यावर असा भाव, की बघा, मी सांगितलंच होतं, मला गाणं येणार नाही. माझी पट्टी काळी चार, त्यांची काळी एक. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. माझा षड्ज तो त्यांचा पंचम. स्त्री आणि पुरुष यांनी आपापली पट्टी न सोडता एकत्र गायची पंडित जसराजांची 'जसरंगी' जुगलबंदी असल्याच नात्यांच्या गणितातून निघाली. माझ्या खोलीत या गणिताचा अर्थ एवढाच, की त्यांना शिकवताना मी माझ्या मध्यमाला सा म्हणायचं. ते त्यांच्या तार षड्जाला पोचतात तेव्हा मी माझ्या तार मध्यमावर असते, आणि तिथे मलाच घाम फुटतो. मग ते हसतात. त्या हसण्यानंतर त्यांचा सा पहिल्यांदा नीट लागला.

म्हणून शिकवणी एकेकट्याची घ्यावी लागते. वीस जणांच्या वर्गात वीस पट्ट्या असतात आणि गायची एकच. ज्याची पट्टी ती असेल तो वर्गात हुशार ठरतो. बाकीचे ओठ हलवायला शिकतात, आणि ती सवय त्यांना जन्मभर पुरते. राष्ट्रगीताच्या वेळी ओठ हलवतात, आरतीच्या वेळी टाळ्या वाजवतात. पुढे पन्नाशीत माझ्याकडे येऊन सांगतात, "बाई, माझा आवाजच चांगला नाही."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की त्याला द्यायची उत्तरं तयार आहेत, आणि ती सगळी आमच्याच भागातली आहेत. अल्लादियाखाँसाहेबांचा तरुणपणीचा आवाज अतोनात गाण्याने गेला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या नव्या आवाजाला पेलेल, शोभेल अशी गायकी त्यांनी बांधली आणि ती घेऊन ते शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी राहिले. गंगूबाई हनगल यांचा कोवळा आवाज घशाच्या उपचारांनंतर भरड आणि खालचा झाला, आणि त्याच आवाजाने त्या ओळखल्या गेल्या. कुमार गंधर्व क्षयाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळले, देवासला राहून बरे झाले, पण एक फुफ्फुस जवळजवळ निकामी होऊन. लांब दमसास गेला तेव्हा छोट्या छोट्या झेपांतून त्यांनी गाणं उभं केलं. असलेल्या गळ्यातून गाणं काढायचं असतं, हे या तिघांनी करून दाखवलं. अर्थात ही उत्तरं समोरच्याला पटत नाहीत. तो म्हणतो, "ते मोठे लोक." बरोबरच आहे. मोठ्या लोकांच्या गोष्टींनी कुणाचा गळा सुटत नाही. तो सुटतो, आपण वाईट गायलो तरी समोरचा माणूस उठून गेला नाही, हे दहा वेळा अनुभवल्यावर.

खरोखर सूर कळतच नाही अशी माणसं फार थोडी असतात. बाकीच्यांना फक्त स्वतःचा आवाज ऐकायची सवय नसते. ते गात असतात तेव्हा त्यांचा कान मनातल्या गाण्याकडे असतो, तोंडातून निघालेल्या सुराकडे नसतो. म्हणून मी पहिले काही आठवडे गायला कमी आणि ऐकायला जास्त लावते. तंबोरा मांडीवर देते. मिरजेच्या मुलाने निदान तंबोरा तरी हाताळलेला असावा, असं मला वाटतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे इथे येतात, वाळतात, त्यांना तुणीच्या लाकडाची दांडी बसते. आणि हे काम करणारी घराणी मुळात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची. तलवारींची मागणी संपली तेव्हा ते हात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावातल्या पुष्कळांना आपल्या गल्लीत काय होतं ते कळलं.

चार तारा. पहिली मंद्र पंचमाची, मधला जोड षड्जाचा, शेवटचा खर्ज. तार घोडीवर सपाट टेकते, आणि तिथे सुताचा एक दोरा अगदी नेमक्या जागी सरकवला की जवारी खुलते. एरवी मुका वाटणारा आवाज एकदम रुंदावतो. मग मी सांगते, डोळे मिटा आणि खर्जाच्या तारेत काय ऐकू येतं ते सांगा. आधी फक्त घुमारा ऐकू येतो. काही दिवसांनी पंचम ऐकू येतो. आणि मग एखाद्या दुपारी विद्यार्थी चमकून डोळे उघडतो. कुणीही न छेडलेला गंधार त्याला ऐकू आलेला असतो. जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ज्याला तो ऐकू आला, त्याला यापुढे गंधार कुठे लावायचा हे मी सांगायची गरज नसते.

हा गंधार मोठ्यांच्या आधी मुलांना ऐकू येतो, असा माझा समज होता. एका रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी तो मोडला. मिरज जंक्शनची नोकरी. गाडी उभी राहिली की हातोडीने चाकं ठोकत जायचं आणि आवाजावरून ओळखायचं की चाकाला चीर आहे की नाही. उभा जन्म त्यांनी लोखंडाचा नाद ऐकला. जोडाच्या तारांमधलं बारीकसं आंदोलन मी दाखवायच्या आधीच त्यांनी बोटाने दाखवलं. "ही जरा मागं हाय, बाई." मणी सरकवून जोड मिळवायला माझ्या विशारद झालेल्या विद्यार्थिनींना लागतो त्याहून कमी वेळ त्यांना लागतो. गळा मात्र कानाच्या फार मागे. सूर धरला की थरथरतो, दम अर्ध्या ओळीत संपतो. वय झाल्यावर स्वरतंतू पातळ होतात, छातीचा भाता आखडतो. त्याला इलाज नाही. आम्ही अभंगाची ओळ तीन ठिकाणी तोडतो आणि श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने खूण करून ठेवतो. पहाटे खालच्या षड्जावर थोडा वेळ खर्ज भरायचा, बाकी काही नाही. त्यांना परीक्षा द्यायची नाही, भजनी मंडळात पुढे बसायचं नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीत चालताना आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळावा, वेगळा निघू नये, एवढंच त्यांचं मागणं आहे. सुरांत मिसळणं ही गाण्यातली फार वरची पायरी आहे, आणि ती कुठल्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही.

मुलांचं सगळं उलट असतं. त्यांचा गळा तयार असतो आणि कान वाऱ्यावर. त्यांना समजावून सांगायचं नसतं, समोर गायचं असतं. ती सगळं उचलतात. सूर उचलतात, तसा माझा खोकलाही उचलतात. सुरुवातीला मी भूप देते. पाचच स्वर, मध्यम-निषाद नाहीत, पाय घसरायला जागा कमी. रागाचं नाव पुष्कळ दिवस सांगत नाही. सारेग, रेगप, गपध असे पलटे म्हणता म्हणता एक दिवस त्यांच्या गळ्यातून भूप आपोआप निघतो, आणि नाव नंतर कळतं. मुलांना पेटीचा आधार फार आवडतो, कारण पट्टी दाबली की सूर हजर. पण पेटीत दोन स्वरांच्या मधली वाट नसते. मींड तिच्यावर वाजत नाही. याच कारणाने आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला साथीतून बाहेर ठेवलं होतं. मी इतकी कडक नाही. पेटी आधी देते, मग एकेक पट्टी सोडत जाते, आणि शेवटी ती बंद करून बाजूला ठेवते. मूल क्षणभर बावरतं. मग तंबोऱ्याकडे कान वळतो.

बारा-चौदा वर्षांच्या मुलांचं काय करायचं, हा मात्र सगळ्यात नाजूक प्रश्न. मुलींचाही आवाज त्या वयात बदलतो, पण थोडाच. मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली जातो. जाताना तो सरळ जात नाही, मध्येच फाटतो. जुन्या संगीत नाटक कंपन्यांमध्ये बायकांची कामं करणाऱ्या पोरांवर या वयात मोठंच संकट यायचं. आता कंपन्या नाहीत, पण संकट तेच आहे. काल स्पर्धेत बक्षीस मिळवणारा मुलगा आज वर्गात तोंड उघडत नाही. माझ्याकडचा एक मुलगा या दिवसांत यायचा, बसायचा आणि तंबोरा छेडून जायचा. मी त्याला गायला सांगितलं नाही. फक्त बोलण्याच्या उंचीवर, हळू, जेवढे तीन-चार स्वर सापडतील तेवढेच गुणगुणायचे. वर ताणायचं नाही, ओरडायचं नाही. त्याचे वडील एकदा येऊन म्हणाले, "ताई, फी तर चालूच आहे आणि पोरगं काही गात नाही." मी म्हटलं, "गात नाही तेव्हाच जास्त शिकवावं लागतं." पुढे त्याचा नवा आवाज बसला. जुन्या पट्टीची एकही तान त्यात चालेना. तो पुन्हा सा पासून शिकला, आणि या वेळी त्याला कंटाळा आला नाही, कारण आता तो स्वतःच्या गळ्याकडे एखाद्या नवख्या माणसाकडे बघावं तसा कुतूहलाने बघत होता.

फीचा विषय निघालाच आहे, तर बोलून टाकते. मोठ्या गवयांच्या तोंडी 'शिकवण्या करतो' हे शब्द कमीपणाचे असतात. विद्या विकायची नसते, असं म्हणतात. पूर्वी ती विकत नसत हे खरं, पण तिची किंमत होतीच. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशांकडे राहून गायकी मिळवली आणि ती या मुलखात आणली. गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरूच्या मनात येईल त्या दिवशी समोर बसायचं, अशी ती रीत. कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी भीमसेन जोशी असेच राहून शिकले. पण त्याच सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हुबळीहून आगगाडीने जात आणि शिकून परत येत. एका घरात दोन रीती नांदल्या. घरदार सांभाळून, गाडीची वेळ गाठून शिकणारे ते गंगूबाईंच्या वाटेचे. माझे सगळे विद्यार्थी त्या वाटेने येतात.

पलुस्करांनी ही वाट रुंद केली. भातखंड्यांनी दुसऱ्या बाजूने तेच केलं. घराण्यांच्या कुलपातल्या चिजा मिळवून, स्वरलिपीत बांधून, क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापून टाकल्या. विद्या कागदावर आणि फीच्या पावतीवर आली म्हणून हळहळणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला या पावतीचं मोल वेगळं वाटतं. गुरूच्या घरी राहणाऱ्या शिष्याला वाईट गायची चोरी होती. गुरूचा मूड गेला तर शिकवणं महिनोन्‌महिने बंद. मैफलीत तर वाईट गायची सोयच नाही. महिन्याच्या एक तारखेला पाकीट आणून ठेवणाऱ्या माणसाला मात्र एक हक्क मिळतो. आज तो कसाही गायला, तरी पुढच्या मंगळवारी त्याला पुन्हा येता येतं. मी रागावले तरी येता येतं. शिकवणीच्या फीमध्ये तो राग, ताल, चिजा विकत घेत नाही. त्या पुस्तकांत आहेत, मोबाईलवर फुकट आहेत. तो बंद दाराआड, ऐकणाऱ्या एका माणसासमोर, बेसूर होण्याची जागा विकत घेतो.

ही जागा आता दुर्मीळ झाली आहे. टीव्हीवर 'लिटिल चॅम्प्स' गाजलं तेव्हापासून गाणाऱ्या मुलाकडे घर स्पर्धक म्हणून बघायला लागलं. हौसेने गाणं शिकायला आलेल्या मुलीची आई पहिल्या महिन्यात विचारते, स्टेजवर कधी गाईल? दुसऱ्या महिन्यात विचारते, परीक्षा कधी? दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात हे कळल्यावर तर नववीची मुलं प्रमाणपत्राच्या घाईने येतात. परीक्षांना माझा विरोध नाही. ताल हातावर धरून दुगुण म्हणता येणं, रागाचं चलन सांगता येणं, यांत शिस्त आहे. पण परीक्षेत येतं तेच मूल म्हणतं. येत नाही ते म्हणून बघायची त्याला परवानगी नसते. घरीही नसते. पाहुणे आले की गा म्हणतात, मोबाईल समोर धरतात, आणि चुकीचा लागलेला निषाद त्याच रात्री सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचतो. असं दोन-तीनदा झालं, की पोर सुरक्षित तेवढंच गातं. नवीन काही करून बघत नाही. सुरक्षित गाणारा गळा लवकर म्हातारा होतो.

परदेशातले विद्यार्थीही आता आहेत, ते ऑनलाइन शिकतात. इथून लग्न होऊन अमेरिकेला गेलेल्या मुली, तिथेच जन्मलेली मराठी मुलं. त्यांची सकाळ ती आमची संध्याकाळ. सुरुवातीला माझा तंबोरा त्यांना ऐकूच जाईना. कळलं असं, की बोलण्याशिवायचा सलग आवाज कॉलचं ॲप गोंगाट समजून गाळून टाकतं. ती सोय बंद करावी लागते, तेव्हा कुठे तंबोरा पलीकडे पोचतो. तरी एकत्र गाता येत नाहीच. आवाज पोचायला क्षणाचा उशीर होतो आणि तेवढ्यात सम निसटते. म्हणून मी गाते, थांबते. ती गाते, मी ऐकते. मला वाटलं होतं ही शिकवणी लंगडी होईल. झाली खरी, पण एक गोष्ट चांगली झाली. माझ्या आवाजाच्या पाठीमागे लपायची सोय राहिली नाही. तिकडच्या एका मुलीला सोसायटीतल्या शेजाऱ्यांची इतकी धास्ती, की ती गाडीत बसून, काचा वर करून रियाज करते. बेसूर व्हायला तिला पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी मिळाली. पहाटे गच्चीवर खर्ज भरणारे आमचे रेल्वेवाले ऐकून हसले. म्हणाले, "चांगलंय की. गाडीनंच आम्हाला पण शिकवलं."

या सगळ्यांतून गवई किती निघाले, असं कुणी विचारतं. फारसे नाहीत. निघावेत अशी माझी अपेक्षाही नसते. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते. खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांना तिथेच दफन केलं आहे. रात्र चढत जाते, गाणारे येऊन सेवा करून जातात. त्या गर्दीत माझे आजी-माजी विद्यार्थी मला दिसतात. भाजीचा गाळा असणारी एक बाई, डॉक्टर, सूनबाईंना बरोबर घेऊन आलेले आजोबा. गाणारा मंद्रात उतरून एखाद्या अवघड स्वराकडे निघाला, की यांची मान आधीच हलते. ती जागा त्यांनी स्वतःच्या गळ्याने शोधलेली असते, बहुतेक वेळा चुकवलेली असते. जी जागा आपण शंभर वेळा चुकवली, ती दुसऱ्याला सापडली की मिळणारं सुख निव्वळ श्रोत्याला मिळत नाही. सभा अशा माना हलवणाऱ्यांवर उभ्या राहतात. त्या माना घरोघरच्या सतरंज्यांवर तयार होतात आणि त्याची नोंद कुठल्याच संगीताच्या इतिहासात होत नाही.

दुपारच्या बायकांबद्दल लिहायचं राहिलं. त्यांच्यापैकी पुष्कळजणी आधी मुलाला सोडायला येत. "मॅडम, याला गाण्याला घालायचंय." मूल आत, आई दारात. पोरगा पलटा चुकला की दारातून बरोबर पलटा ऐकू यायचा, पुटपुटल्यासारखा. मूल दोन वर्षांनी क्रिकेटला गेलं. आई दारातच राहिली. एकीला मी विचारलं, तुम्हीच का बसत नाही? ती म्हणाली, "आता काय, आमचं वय झालं." तिचं वय तेव्हा चाळिशीच्या आतलं होतं. ती बसली. पहिले सहा महिने तिने तोंडावर पदर धरून गायलं. आज ती बागेश्रीचा विलंबित ख्याल म्हणते. कधी सुरेल, कधी नाही. वरच्या षड्जावरून उतरताना धैवत अजून चढा लागतो. लागू दे. पुढच्या मंगळवारी पुन्हा बघू.

माझं सांगणं थोडकं आहे. मुलाला गाण्याला घातलं, तर पहिली काही वर्षं त्याला पाहुण्यांसमोर उभं करू नका, त्याचं गाणं मोबाईलवर उतरवून घेऊ नका आणि शिकवणीच्या वेळी दारात थांबू नका. शिक्षक निवडताना त्याने किती बक्षिसं मिळवली हे विचारण्यापेक्षा, तो चुकणाऱ्याचं गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतो का, हे एकदा बसून बघा. पेटी विकत घ्यायची घाई नको. तंबोरा, मग तो यंत्राचा का असेना, रोज थोडा वेळ ऐका. आणि चौकशी स्वतःसाठी करायची असेल, तर मुलाचं नाव पुढे करू नका. तुम्ही कितीही वर्षांचे असा, कितीही बेसूर असा, मला शिकवायचं आहे ते तुम्हालाच.